सौर कुंपणाची बॅटरी रात्र का काढीत नाही?

रानडुकरे व रोही यांच्या उपद्रवामुळे मका, भुईमूग यांसारखी उभी पिके एका रात्रीत हातची जातात, हा वनालगतच्या शेतकऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. जागलीचे कष्ट कमी व्हावेत म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांनी सौर झटकायंत्राचे कुंपण घातले आहे. परंतु वर्षभरात एक तक्रार हमखास ऐकू येते. संध्याकाळी यंत्र नीट चालते, मध्यरात्रीनंतर मात्र मुके होते. मग ‘बॅटरी चार्ज धरीत नाही’ असे म्हणून नवी आणली जाते व तिचीही तीच गत होते. दोष कित्येकदा बॅटरीत नसून तिच्या भोवतालच्या व्यवस्थेत असतो. तो क्रमाने कसा शोधावा, याची माहिती येथे दिली आहे.

बॅटरीचा स्वभाव

शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी गॅस्टन प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. आजही तिचे मूळ तत्त्व तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असून प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट दाब देते. वीज खर्च होताना शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो व भरताना तो निघून जातो. बॅटरी बरेच दिवस अर्धी किंवा रिकामी राहिल्यास या थराचे कठीण स्फटिक बनतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. कणगी रिकामी राहिली म्हणून लहान होत नाही. बॅटरी मात्र रिकामी ठेवल्याने लहान होत जाते.

मोटारीची किंवा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी झटकायंत्रास जोडू नये. ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. रात्रभर मंद खर्च सोसण्यासाठी जाड पट्ट्यांची किंवा ट्यूब्युलर बॅटरीच घ्यावी.

आवक-जावकेचा हिशेब

प्रथम कागदावर हिशेब मांडावा. समजा, यंत्र पाव अँपिअर प्रवाह घेते व रात्री १४ तास चालते. म्हणजे रोजचा खर्च ३.५ अँपिअर-तास झाला. १० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात सुमारे अर्धा अँपिअर देते. पाच तासांच्या कडक उन्हाची आवक २.५ अँपिअर-तासच भरते. ही रोजची तूट कितीही नवी बॅटरी आणली तरी भरून निघणार नाही. येथे २० वॅटचे पॅनेल हवे, आणि पावसाळी आभाळाचा विचार करता त्याहूनही मोठे असणे इष्ट. बॅटरीची शक्ती अशी निवडावी की, एका रात्रीत निम्म्याहून अधिक वीज खर्च होऊ नये.

तपासणीचा क्रम

१. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असल्यास ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावी. हे पाणी घरांत जाऊ देऊ नये. जोड घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावावे.

२. पॅनेलवरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा पुसावी. झाडाची सावली पडत नाही, हे सकाळ-दुपार पाहावे. दुपारी पॅनेलच्या तारा सोडवून दाब मोजल्यास तो सुमारे १८ ते २२ व्होल्ट भरावा.

३. पॅनेल पुन्हा जोडून भर दुपारी बॅटरीच्या टर्मिनलवर दाब मोजावा. तो चढत १३.५ व्होल्टच्या वर जावा. पॅनेल ठीक असूनही दाब मुळीच चढत नसेल तर तारेत किंवा चार्ज कंट्रोलरमध्ये बिघाड समजावा. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी व मग पॅनेल जोडावे. सोडविताना आधी पॅनेल सोडवावे.

४. दिवसभर भरलेली बॅटरी यंत्र व पॅनेल यांपासून सोडवून तीन-चार तास तशीच ठेवावी. त्यानंतर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाब असल्यास ती भरलेली, १२.२ असल्यास सुमारे निम्मी व १२ च्या खाली असल्यास बहुतांशी रिकामी समजावी. दाब १०.५ च्या आसपास अडकून राहत असेल तर एक घर मेले असण्याचा संभव असतो.

५. उघड्या झाकणांच्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घर तपासावे. पाच घरे सारखी व एकच बरेच उणे असल्यास तेच दोषी होय.

६. विश्रांतीनंतर पूर्ण भरलेली दिसणारी बॅटरी यंत्र जोडताच तास-दोन तासांत ११.५ च्या खाली उतरत असेल, तर तिच्या पट्ट्या थकल्या आहेत. अशीच बॅटरी बदलावी.

बॅटरीचा दाब पुरेसा असूनही झटका मंद लागत असेल तर बॅटरीस दोष देऊ नये. तारेस टेकलेले गवत, फुटलेले इन्सुलेटर व कोरड्या जमिनीतील अर्थिंग प्रथम पाहावे.

निगा व दक्षता

पाण्याची पातळी उतरल्यास फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे पाणी किंवा ॲसिड कदापि घालू नये. बंद बॅटरी उघडू नये. भरताना हायड्रोजन वायू निघतो, यास्तव जवळ बिडी किंवा काडी पेटवू नये. हंगाम संपल्यावर यंत्र सोडवून पॅनेल व कंट्रोलर जोडलेलेच ठेवावे. निकामी बॅटरी विक्रेत्यास परत द्यावी. तिच्यातील शिसे विषारी असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, बॅटरी बंद पडली म्हणून कुंपणात घरगुती वीज कधीही सोडू नये. झटकायंत्राचा झटका क्षणिक असतो व दोन झटक्यांच्या मधल्या अवकाशात हात सुटतो. २३० व्होल्टचा अखंड प्रवाह मात्र स्नायू आवळून धरतो आणि माणूस जागीच दगावतो. बळी जातो तो पुष्कळदा शेजारी, मजूर किंवा घरचाच कोणी. हा गंभीर गुन्हाही आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच गावातील कुंपणांची अशी तपासणी करवून घ्यावी व प्रत्येक यंत्राच्या पेटीत सकाळ-संध्याकाळच्या दाबाची नोंदवही ठेवण्यास सांगावे. सकाळचा आकडा हळूहळू उतरू लागला की, बॅटरी बंद पडण्याच्या कितीतरी आधी दोष ध्यानात येतो व पीक राखता येते.