लग्नाची कॅसेट, मोबाइलची क्लिप आणि घसरणारा आवाज

वेगवेगळ्या फ्रेम रेटचे तुकडे तसेच जोडले की आवाज चित्राच्या पुढे तरी धावतो, नाहीतर मागे तरी पडतो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या लग्नाच्या शूटिंगमध्ये ही अडचण पहिल्यापासून नव्हती. यंत्रे बदलत गेली तशी ती आली.

व्हीएचएसच्या दिवसांत कॅमेरा, व्हीसीआर आणि टीव्ही एकाच पाल पद्धतीचे, सेकंदाला 25 फ्रेमचे होते. दोन व्हीसीआर जोडून मिक्सिंग करताना प्रत्येक कॉपीला चित्र फिके पडे, पण आवाज त्याच फितीवर असल्याने तो चित्राला सोडत नसे. परदेशी कॅसेटचे तेवढे वेगळे. फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरात परदेशी नातलग असलेली सिंधी घरे बरीच. अमेरिकेतून आलेली कॅसेट एनटीएससीची, 29.97 फ्रेमची असे. साध्या पाल व्हीसीआरवर ती धड दिसतच नसे, त्यामुळे आधी बदलून घेण्याला पर्याय नव्हता. पुढच्या काळात हा फरक असा उघड दिसेनासा झाला, आणि खरा घोळ तिथे आहे.

मिनी डीव्हीमध्ये चित्र 25 फ्रेमचेच राहिले, पण आवाजाची दोन मापे आली: 48 किलोहर्ट्झ आणि, कॅमेऱ्यात 12 बिट निवडले असेल तर, 32. त्यानंतर 2008 मध्ये आलेल्या कॅनन 5डी मार्क टू या डीएसएलआरने चित्राची प्रत पार बदलली. मात्र तो सुरुवातीला फक्त 30 फ्रेम आणि 44.1 किलोहर्ट्झ देत असे. 24 व 25 फ्रेम आणि 48 किलोहर्ट्झ 2010 च्या फर्मवेअरने मिळाले.

44.1 चा आवाज 48 समजून वाजला तर मिनिटभराचा मजकूर 55 सेकंदांत संपतो. काळी एकच्या पट्टीत म्हटलेली मंगलाष्टके पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध चढतात. ‘सावधान’ ऐकू येते तेव्हा पडद्यावरच्या अक्षता अजून पाहुण्यांच्या मुठीतच असतात.

मोबाइलने याहून अवघड गोष्ट आणली, ती म्हणजे बदलता फ्रेम रेट. फाइलवर 30 लिहिलेले असते, पण हॉलमध्ये उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी घेतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने सगळ्या फ्रेम समान अंतराच्या धरल्या की आवाज हळूहळू सुटत जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. फरक सुरुवातीला आणि शेवटी सारखाच असेल तर आवाज नुसता सरकलेला आहे, सरकवून जागेवर आणता येतो. फरक वाढत गेला तर माप चुकले आहे, आणि तिथे सरकवून काही होत नाही. 29.97 ला 30 धरण्याची बारीकशी चूकही तासाभरात 3.6 सेकंदांची होते.

म्हणून दुरुस्ती जोडणीच्या आधी करायची असते. प्रत्येक तुकडा वेळेच्या नोंदीप्रमाणे 25 च्या स्थिर फ्रेम रेटवर आणि 48 किलोहर्ट्झवर आणायचा, मगच जोडायचा. 30 वरून 25 वर येताना दर सहा फ्रेममागे एक गळते. कॅमेरा आडवा फिरतो तिथे बारीक हिसका दिसतो. तो पत्करावा, पण लांबी ताणू नये. एफएफएमपेगमध्ये तुकडे नव्याने एन्कोड न करता सलग जोडण्याची झटपट रीत आहे, पण ती सगळ्या तुकड्यांची मापे एकच असतील तेव्हाच वापरावी. मापे वेगळी असली तरी फाइल बहुधा तयार होते, आणि बिघाड दुसऱ्या तुकड्यापासून सुरू होतो.

शूटिंगलाच 25 फ्रेम ठेवणे सर्वांत बरे. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने हॉलमधल्या जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर यांवर पट्टे सरकताना दिसत नाहीत. तयार फाइल तपासताना पहिले मिनिट पाहून थांबू नये. शेवटाकडची, जिथे ओठ आणि ताल दोन्ही दिसतात अशी जागा पाहावी. वरातीतला ढोल त्याला चांगला, कारण टिपरू पडते ती फ्रेम आणि ठोका डोळ्यांनी जुळवता येतात.