सत्तेचे वाटप कशासाठी?

न्यायालयाने एखादा कायदा रद्द केला, की निवडून आलेल्या सरकारच्या कामात खोडा घातला, असे अनेकांना वाटते. पण नियंत्रण आणि संतुलन ही व्यवस्था सरकार अडवण्यासाठी नसते. कायदा करणे, तो राबवणे आणि त्याचा अर्थ लावणे ही कामे वेगवेगळ्या हाती देऊन प्रत्येकाला दुसऱ्यावर मर्यादित अंकुश देणे, हा तिचा अर्थ. गृहनिर्माण सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात. त्यात खजिनदारावर संशय नसतो. सगळ्यांचा पैसा एकाच्या मर्जीवर राहू नये, इतकेच.

हाच अंकुश पैशांवरही असतो: भारतात संसदेच्या मंजुरीशिवाय केंद्र सरकारला संचित निधीतून (सरकारी महसुलाची तिजोरी) एक रुपयाही काढता येत नाही.

या व्यवस्थेची खरी कसोटी १९७५ साली लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली होती. मग देशात आणीबाणी जाहीर झाली आणि तिच्या काळात ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयीन पुनर्विलोकनाचा (कायदा घटनेत बसतो का याची तपासणी) अधिकार वापरून नोव्हेंबरमध्ये ती तरतूद रद्द केली. त्याच निकालात इंदिरा गांधींची निवड मात्र वैध ठरली. हे सहसा सांगितले जात नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते: निकाल सत्तेच्या बाजूने लागला, तरी दाद मागण्याचा दरवाजा उघडा राहिला.

पुढच्याच वर्षी याच न्यायालयाने आणीबाणीतल्या स्थानबद्धांना दाद नाकारली. म्हणून सगळा भार एकट्या न्यायालयावर टाकून भागत नाही. पुढे अंकुश संसदेने घातला: १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तिने आणीबाणीच्या घोषणेपूर्वी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक केला.