हवेतला जादा कार्बन कोणाचा?

हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली तेथील वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. शाळांमधून हे आकडे सांगितले, की एखादा चौकस विद्यार्थी आम्हांला हमखास विचारतो, ‘‘मौना लोआ तर ज्वालामुखी आहे. मग हा वायू ज्वालामुखींमधून आलेला नसेल कशावरून?’’

प्रश्न रास्त आहे. मौना लोआच्या मुखाकडून येणारा वायू नोंदींत वेगळा ओळखू येतो आणि ती निरीक्षणे वगळली जातात. शिवाय दक्षिण ध्रुवावरही अशीच वाढ आढळते. पण जगातील सगळे ज्वालामुखी मिळून ही भर घालत असतील तर? येथे हवेची स्वतःचीच साक्ष काढावी लागते. साक्षीदार तीन आहेत.

पहिला साक्षीदार कार्बन-१४. विश्वकिरणांमुळे हा किरणोत्सारी कार्बन वातावरणात सतत तयार होतो आणि अन्नावाटे सर्व सजीवांत पोहोचतो. सजीव मेल्यावर नवी भर थांबते आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. चंद्रपूर परिसरातील दगडी कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. त्यात मूळचा कार्बन-१४ उरणे शक्य नाही. असा कोळसा जाळला, की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण उतरते. एकोणिसाव्या शतकातील लाकडापेक्षा विसाव्या शतकातील लाकडात ते कमी असल्याचे हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये दाखवले. म्हणजे हवेत भर पडली ती फार जुन्या कार्बनची. पण ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो!

म्हणून दुसरा साक्षीदार, कार्बन-१३. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती हलका कार्बन-१२ अधिक प्रमाणात घेतात. त्यामुळे कोळसा आणि खनिज तेल यांत कार्बन-१३ चे प्रमाण हवेतल्यापेक्षा कमी असते. ज्वालामुखीच्या वायूत मात्र ते हवेतल्यापेक्षा थोडे अधिक असते. हवेतील हे प्रमाण वर्षानुवर्षे घटत आहे. ज्वालामुखी कारण असते, तर ते वाढले असते.

तिसरा साक्षीदार ऑक्सिजन. ज्वलनात तो खर्ची पडतो. हवेतील ऑक्सिजन किंचित कमी होत असल्याचे १९९० च्या आसपास सुरू झालेल्या अचूक मोजणीतून दिसते. ही घट श्वास कोंडण्याइतकी मुळीच नाही. पण काहीतरी जळते आहे, हे सांगायला पुरेशी आहे.

जुना कार्बन, वनस्पतींच्या गुणाचा कार्बन आणि खर्च झालेला ऑक्सिजन. तिन्ही साक्षी जुळतात त्या खनिज इंधनांच्या ज्वलनाशीच. जंगलतोडीचाही या वाढीत वाटा आहे. ज्वालामुखींचा वार्षिक वाटा मात्र मानवी वाट्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

आता पुढचा मुद्दा. आपण सोडलेल्या वायूपैकी सुमारे निम्मा वायू समुद्र, जंगले आणि जमीन शोषून घेतात. उरलेला हवेत साठतो. न्हाणीघरातला हौद आठवा. नळाची धार जरा बारीक केली, तरी मोरीतून जाते त्यापेक्षा जास्त पाणी येत असेल, तर हौद भरतच राहतो. म्हणून उत्सर्जनवाढीचा वेग घटला, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तापमानवाढ थांबवायची, तर कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावे लागते. भारताने २०२१ मध्ये त्यासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले. आज नववीत असलेला विद्यार्थी तेव्हा साठीच्या घरात असेल.

सौर आणि पवन ऊर्जेच्या धोरणाची चर्चा वर्गात करताना आपण सुरुवात या तीन साक्षींपासून करावी. ज्वालामुखी बंद करणे कोणाच्याच हाती नव्हते. कोळसा किती जाळायचा, हे मात्र माणूसच ठरवतो.