सक्तीचे मौन आणि नागरिकाचा आवाज



समाजाला गप्प करायचे तर प्रत्येकाच्या तोंडावर हात ठेवावा लागत नाही. थोड्या लोकांना शिक्षा होताना दिसली आणि ती नेमकी कशाबद्दल हे कळले नाही, की बाकीचे आपणहून बोलायचे थांबतात. हे कसे घडते ते आपण आणीबाणीच्या (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) उदाहरणावरून समजून घेऊ.

१. भीती कशी तयार होते?

आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. छापण्याआधी मजकूर अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावा लागे. ‘मिसा’ कायद्यात बदल करून स्थानबद्धतेचे कारण सांगण्याचे बंधनही काढण्यात आले. एक लाखाहून अधिक लोक तुरुंगात गेले. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. पण कारणच कळत नसेल तर सुरक्षित काय आणि धोक्याचे काय, हे कोणालाच ठरवता येत नाही. अशा वेळी माणूस कायद्याच्या रेषेच्या बराच अलीकडे थांबतो.

दाद मागण्याची वाटही बंद झाली. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरवला. विरोधी मत देणारे न्या. एच. आर. खन्ना ज्येष्ठ असूनही सरन्यायाधीश झाले नाहीत.

२. अळीमिळी गुपचिळी

दुसरा परिणाम अधिक खोल असतो. शेजारी बोलत नाही, म्हणून त्याला सारे मान्य आहे असे मला वाटते. माझ्या गप्प राहण्यावरून त्यालाही तसेच वाटते. मनातून नाराज असलेले अनेक जण स्वतःला एकटेच समजू लागतात.

म्हणून एकाचे उघड बोलणेही मोलाचे ठरते. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या मराठी साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निर्भयपणे बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. पण आपण एकटे नाही, हे त्या मांडवातल्या श्रोत्यांना कळले होते.

३. तुटलेला थर्मोस्टॅट

गीझरचा थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान ओळखून वीज बंद करतो. तो काढून टाकला तर पाणी उकळले तरी गीझर तापतच राहील. राज्यकारभारात तक्रार, बातमी आणि टीका हेच काम करतात.

१९७६-७७ या वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्टे वरून येत होती. काही ठिकाणी ती पूर्ण न करणाऱ्या शिक्षकांचे पगारही रोखले गेले. आकडे वर जात राहिले, जबरदस्तीची हकिगत मात्र छापली गेली नाही. तिचे सविस्तर चित्र नंतर शाह आयोगाच्या चौकशीतून समोर आले.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदान गुप्त होते. भीती न बाळगता मत नोंदवण्याची जागा मिळताच उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा सत्ताधारी पक्षाला मिळाली नाही. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पराभूत झाल्या. आधीच्या शांततेला संमती समजणे किती चुकीचे होते, ते त्या दिवशी दिसले.

४. उपाय कोणते?

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम २१ मधील जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल चुकीचा असल्याचे स्पष्ट केले. कायद्याचे हे संरक्षण मोठे आहे. मात्र बोलण्याची सवय कायदा लावू शकत नाही.

ही सवय वर्गापासून सुरू होते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे आपण शाळेत फार चांगले शिकतो. ‘काही शंका?’ असे मी विचारतो तेव्हा वर्ग शांत असतो, आणि उत्तरपत्रिकांत त्या शंका जशाच्या तशा सापडतात. उद्या एखाद्या पुलाच्या कामावर काँक्रीटचा नमुना चाचणीत नापास होईल आणि ‘अहवालावर सही करून टाका’ असे वरिष्ठ सांगतील. तेव्हाच्या तुमच्या गप्प राहण्याची किंमत पुलावरून जाणारे लोक मोजतील.

विचार करा

१. शिक्षेचे कारण न सांगितल्याने भीती का वाढते?
२. शांतता आणि संमती यांतील फरक कसा ओळखाल?
३. तुमच्या महाविद्यालयात तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहते का? राहत नसेल, तर काय बदलावे?