परदेशातला मराठी माणूस (भाग ९) : बातमी क्षणात पोचते, मत पोचत नाही

गेल्या भागात आपण परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव पाहिले. सण सोबत नेता येतात, राजकारण मात्र मागे गावातच राहतं आणि ते दुरूनच पाहावं लागतं. आज या पाहण्याविषयी.

४ जून २०२४ रोजी सकाळी आठला लोकसभेची मतमोजणी सुरू झाली तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन. तरी पहिल्या फेरीचे आकडे तिथे आणि साताऱ्यात एकाच वेळी पोचले. दिवाळी अंक बोटीने यायचा आणि घरची खबर निळ्या विमानपत्रांतून कळायची, त्या पिढीला हे सुख ठाऊक नव्हतं.

पण जे पोचतं ते बहुतेक दिल्लीचं असतं, फार तर मुंबईच्या मंत्रालयाचं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. दादर-विलेपार्ल्याहून गेलेल्या किती जणांच्या बोलण्यात हे आलं? त्यांचे आईवडील ज्या फुटपाथवरून चालतात, त्याचा निर्णय महापालिकेतच होतो.

साताऱ्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे. शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ मध्ये. धनुष्यबाण आणि घड्याळ एकेका गटाकडे गेलं, दुसऱ्या गटांना मशाल आणि तुतारी वाजवणारा माणूस ही चिन्हं मिळाली. २०२४ ला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ साधारण बत्तीस हजार मतांनी हरला. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाला नुसती ‘तुतारी’ मिळाली होती, आणि तिला सदतीस हजार मतं पडली. मतदारांचा गोंधळ झाला असं पराभूत पक्षाचं म्हणणं होतं. ते पूर्ण मानायचं की नाही हा वेगळा प्रश्न. पण हा निकाल समजायला मतदानयंत्रावरच्या चिन्हांची यादी डोळ्यांपुढे हवी. वाहिनीवरची तासाभराची चर्चा ऐकून तो समजत नाही.

आता मताकडे वळू. देशाबाहेर सहा महिन्यांहून जास्त काळ राहणाऱ्याचं नाव पूर्वी मतदार यादीतून वगळलं जाई. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये २०१० साली दुरुस्ती होऊन कलम २०-अ आलं आणि फेब्रुवारी २०११ पासून परदेशस्थ भारतीय नागरिकाला मताचा हक्क मिळाला. फॉर्म ६-ए भरायचा. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता, तिथल्या यादीत नाव लागतं. मतदार ओळखपत्र मिळत नाही, मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. अट एकच, पण सगळं तिथेच अडतं : मतदानाच्या दिवशी स्वतः त्या केंद्रावर हजर राहायचं.

परिणाम उघड आहे. २०२४ च्या लोकसभेला सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. मत टाकलं २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. तिथल्या पक्षांच्या आखातातल्या संघटना मतदानासाठी विमानात घाऊक जागा मिळवून देतात. महाराष्ट्रात नोंदणी पाच हजारांच्या आसपास झाली आणि मतदान केलं फक्त १७ जणांनी.

मला खरी बोचते ती याच्या पोटातली विषमता. रत्नागिरी-रायगडहून आखातात गेलेला वेल्डर वा ड्रायव्हर कायम भारतीय नागरिकच राहतो, कारण ते देश सहसा नागरिकत्व देत नाहीत. त्याला मताचा हक्क आहे, पण मतदानासाठी रजा आणि तिकीट कुठून आणणार? उलट अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेल्याचं भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर व्हिसाची कटकट वाचते, मत मिळत नाही. पण भारतीय राजकारणात परदेशातून ऐकू येणारा मोठा आवाज याच वर्गाचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनला पंतप्रधानांच्या सभेला जमलेल्या सुमारे पन्नास हजारांत अमेरिकी नागरिक बरेच होते. त्यांनी बोलू नये असं मी म्हणणार नाही. त्यांचं प्रेम खरं आहे. पण ज्या निर्णयाचे परिणाम आपल्याला भोगायचे नाहीत, त्यावर बोलताना थोडी सबुरी हवी, आणि वेल्डरच्या मताची सोय आधी व्हायला हवी.

फ्रान्सच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २०१२ पासून परदेशस्थ नागरिकांचे अकरा प्रतिनिधी बसतात. फिलिपिन्सने २००३ च्या कायद्याने परदेशात काम करणाऱ्या आपल्या नागरिकांना बाहेरूनच मतदान खुलं केलं. आपल्याकडे प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. ते बारगळलं हे बरंच झालं. दुसऱ्याच्या हाती दिलेलं मत गुप्त राहत नाही. दुसरा मार्ग टपालाचा : सैनिकांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवून ती टपालाने परत घेतली जाते. हीच सोय परदेशस्थांना देण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये कायदा मंत्रालयाकडे पाठवला. आखातात मालकाच्या देखत मतपत्रिका भरली जाईल ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे दूतावासात मतदान केंद्र.

तोवर तुमच्या घरचं कुणी भारतीय पासपोर्टवर परदेशात असेल, तर त्याला आयोगाच्या संकेतस्थळावरचा फॉर्म ६-ए भरायला सांगा. पाच हजारांच्या यादीसाठी कुणी कायदा बदलत नाही. पाच लाखांची असेल तर विचार करावा लागेल.