बेसिन म्हणजे आधाराचा दांडा नव्हे

पहाटे उठलेल्या आजीला बाथरूममध्ये क्षणभर गरगरते. हात आपसूक बेसिनच्या काठावर जातो. ते नीट बसवलेले नसेल, तर आजीसह खाली येते. खुबा मोडण्याची भीती असतेच, शिवाय फुटलेल्या बेसिनच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. मनगटावर लागल्या, तर रक्तवाहिन्या, नसा आणि बोटे हलवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, क्षणात कापले जाऊ शकतात.

खांबावर उभे दिसणारे पेडेस्टल बेसिन भक्कम वाटते आणि तिथेच फसगत होते. हा खांब मुख्यतः पाइप झाकतो. फार तर थोडा टेकू देतो. बेसिनला खरे धरून ठेवतात ते भिंतीतले बोल्ट. म्हणून खांब लावण्यापूर्वीच बेसिन भिंतीला घट्ट बसले आहे ना, हे घरच्यांनी स्वतः पाहावे. भिंत पोकळ किंवा भुसभुशीत असेल, तर आधी ती मजबूत करून घ्यावी. नट आणि बेसिन यांच्यामध्ये रबरी वॉशर हवा. नट गरजेपेक्षा जास्त आवळला, तर बारीक तडा जातो आणि पुढे कधीतरी बेसिन तिथेच फुटते. खांबाचा तळ सिमेंटने पक्का करण्याऐवजी सिलिकॉनने बसवला, तर पाइपची दुरुस्ती सोपी जाते.

निवड करताना दिसण्याआधी घरातली माणसे पाहावीत. काठाची उंची साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर असते. खांबामुळे ती नंतर फारशी बदलता येत नाही. घरात कोणी व्हीलचेअर वापरत असेल, तर खांब गुडघ्यांच्या आड येतो. तिथे खाली मोकळी जागा असलेले, भिंतीवरचे बेसिन बरे.

खांबाआड दडलेला ट्रॅपही महत्त्वाचा. त्यातले थोडे पाणी गटारातली हवा अडवते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स पसरला, तेव्हा बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप हे त्यामागचे एक कारण मानले गेले. बंद घर उघडल्यावर प्रत्येक नळ थोडा वेळ सोडावा आणि जमिनीतल्या जाळीतही तांब्याभर पाणी ओतावे.

बेसिन कितीही पक्के असले, तरी त्यावर रेलणे, मुलांना बसवणे, पाय धुण्यासाठी पाय टेकवणे टाळावे. तडा दिसला, तर चिकटपट्टी न लावता बेसिन बदलावे. ज्येष्ठांसाठी शेजारी भिंतीत पक्का रोवलेला आधाराचा दांडा लावावा. टॉवेलचा रॉड त्या कामाचा नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी झोपेतून उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच उभे राहावे.

तरीही कापलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद किंवा कॉफी भरू नये. रुतलेला तुकडा उपटू नये. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. रक्त थांबले, पण बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम वरवरची नाही. अशा वेळी केवळ टाके घालून भागत नाही. आतली नस किंवा टेंडन जोडावा लागू शकतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

नवे बेसिन घेताना आधाराच्या दांड्याची जागाही त्याच दिवशी प्लंबरला दाखवून ठेवावी.