नव्वद टक्के कुणी ठरवले?

भिवंडीत लाइट गेल्याचं कळायला कधी यंत्र लागलं नाही. यंत्रमागांचा खडखडाट थांबला की गाढ झोपलेला माणूसही उठून बसतो. आवाज झाला तर जाग येते हे जगभर चालतं, इथे आवाज बंद झाल्यावर येते. मात्र कुठल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किती लोड आहे आणि ती कधी जळेल, हे कुणालाच माहीत नसायचं. जळाली की फोन करायचा, एवढीच व्यवस्था.

२६ जानेवारी २००७ ला महावितरणने भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे सोपवलं. अशी फ्रँचायझी देशात पहिलीच. तेव्हा इथे पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त विजेचे पैसे येत नव्हते आणि वर्षाला शंभरातले चाळीसच्या आसपास ट्रान्सफॉर्मर जळत होते. पुढच्या पाच-सहा वर्षांत तूट वीस टक्क्यांच्या आसपास आली आणि ट्रान्सफॉर्मर जळण्याचं प्रमाण शंभरात तीन-चारवर. त्यात नवे ट्रान्सफॉर्मर, नव्या केबल आणि बदललेले मीटर यांचा वाटा मोठा. बिलांवरून झालेली भांडणं आणि मोर्चे हा वेगळा विषय. इथे मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे: ‘इतका लोड म्हणजे जास्त’ हा आकडा जळण्याच्या आधी ठरवावा लागतो आणि तो कुणीतरी ठरवावा लागतो.

आमच्या धंद्यात हे उमगायला बराच वेळ लागला. आमचा धंदा म्हणजे गोदामांची संगणकव्यवस्था सांभाळणं. मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ, काल्हेर, राहनाळ, सोनाळे, आणि पुढे नाशिकच्या रस्त्याने पडघ्यापर्यंत. यंत्रमागांच्या शेडशेजारी गोदामं उभी राहिली तेव्हा प्रत्येकाच्या केबिनमध्ये एक सर्व्हर असायचा, टेबलाखाली, धुळीत, शेजारी यूपीएस. त्याच्यावर लक्ष ठेवायला नागिऑस. ईथन गॅलस्टाड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने बाहेर काढलेली ही प्रणाली २००२ पासून नागिऑस झाली. फुकट आणि भक्कम. तिची सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत. म्हणजे आज ज्याला ‘अलर्ट कोडमध्ये लिहिणं’ म्हणतात, त्याचा कच्चा माल तेव्हाही हाताशी होता. आम्ही त्याचं काय केलं? कॉपी-पेस्ट.

नागिऑससोबत एक नमुना फाइल येते. त्यात डिस्कची तपासणी आधीच लिहिलेली असते: मोकळी जागा वीस टक्क्यांखाली गेली तर सावधानतेचा इशारा, दहाखाली गेली तर गंभीर. म्हणजे डिस्क नव्वद टक्के भरली की बोंब. त्याच फाइलमध्ये, यंत्रावर एका वेळी वीसपेक्षा जास्त माणसं लॉगिन झाली तर इशारा आणि पन्नासपेक्षा जास्त झाली तर गंभीर इशारा, अशीही एक तपासणी आहे. विद्यापीठाच्या संगणकाला ते शोभतं. राहनाळच्या गोदामात सर्व्हरला हात लावणारी माणसं तीन. तरीही ती तपासणी या गोदामातून त्या गोदामात वर्षानुवर्षं फिरत राहिली, कारण काढावी की नाही हे ठरवायचा अधिकार कुणाचा, हेच ठरलं नव्हतं. नव्वद टक्क्यांचंही तेच. ग्राहक विचारायचा, नव्वदच का? तेव्हा आम्ही तोंड गंभीर करून ‘तो उद्योगाचा मापदंड आहे’ असं सांगायचो. मापदंड कसला, नमुना फाइल.

चाळीस जीबीच्या डिस्कवर नव्वद टक्के म्हणजे चार जीबी शिल्लक. बारकोड स्कॅनरच्या नोंदींनी ती एका रात्रीत संपते. दोन टीबीच्या डिस्कवर नव्वद टक्के म्हणजे दोनशे जीबी शिल्लक, ती पावसाळाभर पुरते. खरा प्रश्न किती भरली हा नसून या वेगाने कधी भरेल हा असतो. तो विचारायची सोय प्रोमिथियसमध्ये मिळाली. साउंडक्लाउड या संगीत कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेली ही प्रणाली २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये गेली, कुबरनेटीसनंतरचा दुसराच प्रकल्प म्हणून. तिच्यात ‘प्रेडिक्ट लिनिअर’ नावाचं फंक्शन आहे: मागच्या काही तासांचा कल घेऊन पुढे सरळ रेघ ओढायची आणि चार तासांनी जागा शून्याखाली जाते का ते बघायचं. रेघ नेहमी सरळ जात नाही, पण नव्वद टक्क्यांपेक्षा ती खरी.

याच सुमारास गोदामांचं रूपच पालटलं. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग सुरू झाला आणि टेबलाखालचे सर्व्हर एकेक करून उठले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. राज्याराज्यांत करासाठी छोटी गोदामं ठेवायचं कारण उरलं नाही आणि भिवंडीत एकेका छताखाली लाखांत चौरस फूट मोजले जाऊ लागले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल सक्तीचं झालं. आता संगणक अडला की नुसता हिशोब अडत नाही, ट्रक अडतो. बिल निघेपर्यंत गाडी गेटबाहेर जाऊ शकत नाही, मागची गाडी आत येऊ शकत नाही, आणि अर्ध्या तासात रांग हायवेला भिडते. अलर्टची किंमत ड्रायव्हरच्या शिव्यांत मोजली जाऊ लागली.

गोदामं वाढली तशी हाताने अलर्ट लावणं हाताबाहेर गेलं. क्लाउडच्या पडद्यावर क्लिक करत एका गोदामाचे अलर्ट लावायला दुपार जायची, आणि दुसऱ्या गोदामात त्यातला एखादा राहून जायचा. मग टेराफॉर्म आलं. हॅशिकॉर्पने २०१४ मध्ये काढलेलं हे साधन क्लाउडवरची यंत्रं उभी करण्यासाठी ओळखलं जातं, पण अलर्ट, त्यांच्या मर्यादा आणि कुणाला फोन जाणार याची यादीही त्यात लिहिता येते. आपण हवी ती स्थिती फाइलमध्ये लिहायची. ‘प्लॅन’ म्हटलं की प्रत्यक्षात काय आहे आणि फाइलीत काय आहे यातला फरक ते दाखवतं, ‘अप्लाय’ म्हटलं की फरक मिटवतं.

खरी मौज त्या ‘प्लॅन’मध्ये आहे. रात्री तीनला कुणालातरी उठवलं जातं. तो झोपेत पडदा उघडतो, प्रतिसादाची मर्यादा दोन सेकंदांवरून दहा करतो आणि पुन्हा झोपतो. पूर्वी हे दहा सेकंद तिथेच राहायचे. पुढच्या दिवाळीच्या गर्दीत यंत्रणा आठ सेकंद घ्यायची, ट्रक खोळंबायचे आणि अलर्ट गप्प. आता सकाळी ‘प्लॅन’ चालवला की ओळ समोर येते: दहाचे पुन्हा दोन होणार. मग बोलावंच लागतं. दोन चूक असेल तर फाइल बदला, गिट या बदलांच्या नोंदवहीत कारण लिहा, दुसऱ्याने ते वाचून मान्यता द्या. ‘ऑडिटमुळे रविवारी रात्री अहवाल जड असतात म्हणून चार’ असं एका वाक्यात लिहिलं तरी पुरे. कोडमुळे काम लवकर होतं असं सगळे सांगतात, होतंही. मला मात्र त्या वाक्याचं मोल जास्त वाटतं. आकड्याला तारीख मिळाली, नाव मिळालं आणि कारण मिळालं.

कारणं गावागणिक वेगळी असतात. भिवंडीत बरेचसे माग शुक्रवारी बंद. भार उतरला की व्होल्टेज चढतं आणि यूपीएस कुरकुरतं. त्यामुळे जास्त व्होल्टेजचा इशारा शुक्रवारी जरा सैल ठेवायचा असं ठरलं. प्रोमिथियसमध्ये वार विचारायचं फंक्शन आहे, रविवार शून्य धरला तर शुक्रवार पाच. सोपं वाटतं. पण प्रोमिथियसचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे नियमातला शुक्रवार आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो आणि शनिवारी पहाटे साडेपाचला मावळतो. शनिवारी पहाटे माग सुरू झालेले असतात आणि नियम अजून सुट्टीवर. अलर्टमॅनेजर या त्याच्या जोडीदारात ठरावीक वेळी इशारे दाबायची सोय २०२१ मध्ये आली, आणि तिथे ‘एशिया/कोलकाता’ असा टाइमझोन लिहायची सोय २०२२ च्या अखेरीस. तोवर साडेपाच तासांची वजाबाकी हातानेच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गोदामात जाऊन बघण्याचा मार्गच बंद झाला. जे अलर्ट सांगेल तेच खरं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बिघाडांच्या त्या साखळीत कळवा-पडघा ही ४०० केव्हीची वाहिनी होती, आणि पडघा म्हणजे आमच्याच तालुक्यातलं. कारणावरून पुढे वाद झाला: २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं.

अशा दिवशी अलर्टचा पूर येतो. वीज गेली हा एक बिघाड, पण राउटर ओरडतो, कॅमेरे ओरडतात, स्कॅनर, प्रिंटर, वजनकाटा, सगळे आपापलं गाऱ्हाणं घेऊन येतात. अलर्टमॅनेजरमध्ये यावर दोन उपाय आहेत. एक, एकाच गोदामाचे इशारे गोळा करून एकच निरोप पाठवायचा. दुसरा त्याहून कामाचा: मोठा बिघाड चालू असेपर्यंत त्याच्या पोटातल्या लहान बिघाडांनी तोंड उघडायचं नाही. ‘या गोदामाची लाइट गेली असेल तर बाकीचे गप्प’ एवढा एक नियम. आणि त्याच्या उलट टोकाचा आणखी एक अलर्ट हल्ली बहुतेक जण ठेवतात, जो कायम वाजतच असतो. तो यायचा थांबला तर समजायचं की निरोप देणारी यंत्रणाच मेली. मागांशेजारी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

निरोप पोहोचवणं ही आणखी एक भानगड. मार्च २०२१ मध्ये ट्रायच्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएसचे नमुने आधी नोंदवणं बंधनकारक झालं. ८ तारखेला गाळणी सुरू होताच देशभर ओटीपी अडकले आणि ती आठवडाभर स्थगित करावी लागली. इशाऱ्याच्या एसएमएसलाही तोच नियम. मजकूर ठरलेला, आणि बदलत्या प्रत्येक जागेला तीस अक्षरं. आम्ही कोडमध्ये हवा तो मजकूर एका मिनिटात बदलायचो, पण नमुना मंजूर व्हायला थांबावं लागायचं. बरेच जण टेलिग्रामकडे वळले त्याचं हे एक कारण.

जमेची बाजू सांगितली, खर्चाचीही सांगायला हवी. कोडमध्ये एक ओळ लिहून सगळ्या गोदामांना एकदम वीस अलर्ट लावता येतात, म्हणून ते लावले जातात. क्लिक करून करून बोटं दुखायची तेव्हा माणूस हात आखडता घ्यायचा, आता तो संकोचही गेला. मॉड्यूल कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेलं उचलायचं आणि त्यातल्या मर्यादा तशाच ठेवायच्या, म्हणजे नमुना फाइल पुन्हा घरात आली, फक्त पोशाख नवा. साधनंही कायमची आपली नसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू ही फांदी फुटली, आणि आमच्यासारख्यांना एक महिना नुसता परवाने वाचण्यात घालवावा लागला. ते वाचन मात्र मी कुणालाही सुचवणार नाही.

अलीकडे केलेला बदल तांत्रिकदृष्ट्या किरकोळ आहे. नियमासोबत जो खुलाशाचा मजकूर जातो तो मराठीत लिहायला घेतला. प्रोमिथियसला देवनागरी चालते, टेलिग्रामला चालते. एसएमएसमध्ये एका निरोपाला १६० ऐवजी ७० अक्षरं मिळतात, म्हणून तिथे काटकसर. ‘सोनाळे गोदाम २. लाइट गेली. डीजी सुरू आहे का बघा.’ हा निरोप पहिल्यांदा रात्रपाळीच्या सुपरवायझरला जातो. दहा मिनिटांत डीजीचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, व्होल्टेज दिसलं नाही तरच इंजिनिअरचा फोन वाजतो. ती दहा मिनिटं सुपरवायझरनेच मागून घेतली. आम्ही पाच लिहिली होती. डीजीच्या खोलीची चावी गेटवर असते आणि गोदाम ओलांडून जायलाच चार मिनिटं लागतात, असं त्याने सांगितलं. फाइलीत त्या आकड्यापुढे आता तेच कारण लिहिलेलं आहे.